गाडी ठेव आणि आत ये

आई, ओवे गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला आपण चहा घेतला होता, तो दिवस आठवतो. कुणाच्या तरी ओसरीवरून दोन कपबशा आल्या होत्या. मी माझा कप तोंडाला लावणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थांब. थोडा चहा बशीत ओत आणि ती बशी खाली ठेव. टायरशेजारी, जमिनीवर." मला वाटलं, गावातली काही रीत असेल, पहिला घोट भूमीला वगैरे. मी निमूट बशी ठेवली. चहा एका कडेला चढून जवळजवळ सांडायला आला आणि दुसऱ्या कडेला बशीवर रंगवलेलं फूल उघडं पडलं. "बघ," तुम्ही म्हणालात, "आत्ता तू मला म्हणालीस ना, इथे सपाट आहे म्हणून?" मग तुम्ही ती बशी उचलून द्यायला सांगितलीत, फुंकर मारून चहा प्यायलात आणि पेशंटकडे निघालात. रस्ता आपल्याला सपाट वाटतो आणि चहाला तो वाटत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

इथे मी तुम्हाला 'आई' लिहिते आहे. तुमच्यासमोर मला ते कधी जमलं नाही. माझी मम्मी हयात होती आणि आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांना 'मदर' म्हणण्यातच आमचा तो शब्द खर्च झाला होता. सगळं पनवेल तुम्हाला डॉक्टरबाई म्हणायचं, गावांमधून 'डाक्टरीनबाय', आणि मी संबोधन टाळून वाक्यं रचायला शिकले. "चहा ठेवू का?" "निघायचं का?" तुमच्या ते लक्षात आलं असणारच. तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि तेवढ्यासाठीसुद्धा मला तुमचं कौतुक वाटतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचा डावा गुडघा नुकताच जायला लागला होता. क्लच दाबताना तुमचा चेहरा बदलायचा, तो मी शेजारच्या सीटवरून बघत असे. मग विचुंब्याहून परत येताना एकदा क्लच दाबलाच गेला नाही आणि गाडी आचके देत एका हातगाडीला टेकली. त्यानंतर ड्रायव्हर ठेवून पाहिला. तो पेशंटच्या दारात उभा राहून हॉर्न वाजवायचा. तुमचा मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने दर्यावर. दवाखाना गल्लीतच होता, तो चालला असता. प्रश्न होता बाहेरच्या व्हिजिटचा, म्हणजे ओवे, विचुंबे, तळोज्याकडच्या चाळी आणि डोंगराच्या अंगाला चढत गेलेली घरं, जिथल्या बायका एस.टी.च्या थांब्यापर्यंतसुद्धा पोचू शकायच्या नाहीत. त्या व्हिजिट बंद करायच्या की नाही, एवढंच ठरायचं होतं. एका सकाळी तुम्ही पोह्यांवर खोबरं घालता घालता म्हणालात, "तुला इंग्रजी येतं, शिवण येतं, पियानोसुद्धा येतो म्हणे. गाडी येते का?" मी नाही म्हटलं. "मग उद्यापासून यायला लागेल," तुम्ही म्हणालात आणि ताटली माझ्यापुढे सरकवलीत.

शिकले मी बाजारापलीकडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये, सपाटीवर. गाडी ठेवायला मात्र शिकले आपल्या गल्लीत, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. गल्लीचा नियम तुम्हाला आठवत असेल. भातगिरणीवाल्या शेठची गाडी, समोरच्या वकिलांची आणि आपली, अशा तीन गाड्या आणि त्यातून दूधवाल्याचा टेम्पो. एकीला निघायचं तर दुसरी हलवावी लागे. म्हणून सगळ्यांनी गाडी न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक सोडून द्यायचा, फक्त चाकाला अर्धी वीट. ज्याला जायचं त्याने वीट काढावी, ढकलावं, जावं. माझा हँडब्रेक एकदा चुकून ओढलेला राहिला तर शेठच्या बायकोने गॅलरीतून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हँडब्रेक ओढून गेल्या बाई! आमच्या हातांना काय काटे आहेत का गाडीला लावायला?" त्यानंतर माझा हात आपोआप शिकला. थांबलं की न्यूट्रल, थांबलं की हँडब्रेक खाली. सभ्य माणसांची सवय म्हणून शिकला.

तोच सभ्य हात घेऊन मी तुम्हाला ओव्याला नेलं. बशीच्या चहानंतर आठवड्याभरातली गोष्ट. तुम्ही बॅग घेऊन उतरलात, दोन पावलं गेलात. मी सवयीने न्यूट्रल केलं, हँडब्रेक सोडला, दार उघडून एक पाय खाली टाकला आणि खालची जमीन मागे सरकायला लागली. क्षणभर मला वाटलं मलाच घेरी आली. मग कळलं की जमीन तिथेच आहे. मी उडी मारली, गाडी माझ्याशिवाय निघाली, शांतपणे, काही आवाज न करता, आणि उताराखाली कुणी रचून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्याच्या उडवीत तोंड घालून थांबली. अंगणातले आजोबा तोंडातली विडी काढून म्हणाले, "डाक्टरीनबाय, गाडीला भूक लागली व्हती जनू. पेंढा खायला आली." सगळे हसले. तुम्हीही हसलात. मी रडायला लागले, तेव्हा तुम्ही त्या आजोबांना म्हणालात, "तिला पाणी द्या आणि गाडीला पेंढ्यातून ओढा. मी तोवर पेशंट बघून येते." आणि गेलात. तुम्ही रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर मी गाडीतून उतरेनाशी झाले. तुम्हाला नेत होते, आणत होते, गाडी नीट चालवतसुद्धा होते. पण कुठेही जरा उतार असला की तुम्ही आत जायचात आणि मी इंजिन बंद करून, उजवा पाय ब्रेकवर गच्च दाबून, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसून राहायची. पिंडरीत गोळे यायचे. आमच्या सिस्टर पाठ ताठ ठेवायला शिकवायच्या, ती विद्या तिथे उपयोगी पडली. पोरं काचेला नाक लावून बघायची. बायका पाण्याला जाताना म्हणायच्या, "बाय, उतरा की, चा घ्या." मी मान हलवायची. एकदा एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "डाक्टरीनबायची सून हाय. गाडी पलून जाईल म्हनून धरून बसलीय." मला वाटायचं मी मोठी जबाबदारीने वागते आहे. माझ्यामुळे गाडी उभी आहे, गाडी उभी आहे म्हणून तुमच्या व्हिजिट चालू आहेत.

तुम्ही किती आठवडे हे चालू दिलंत कुणास ठाऊक. मग एका दुपारी स्वयंपाकघरात, मी कोथिंबीर निवडत असताना, तुम्ही गुडघ्याला शेक घेत बसला होतात आणि म्हणालात, "गाडी काय सून आहे का, सारखी नजर ठेवायला?" मला हसू आलं. तुम्ही हसत नव्हता. "मी थट्टा करत नाहीये. तू तिथे बसतेस तेव्हा तुला वाटतं तू गाडी धरलीयस. गाडीने तुला धरलंय. मला आत माणूस लागतं. हात लागतात. तुझे दोन हात बाहेर एका लोखंडाला धरून बसलेत." मी म्हटलं, मला भीती वाटते. तुम्ही म्हणालात, "वाटू दे. भीती वाटणं हा रोग नाही. उतारावर गाडी ठेवता न येणं ही अडचण आहे, आणि तिला उपाय आहे. उद्या रविवार. दवाखाना बंद. उद्या शिकू."

त्या रविवारचा मी इतक्या वेळा विचार केला आहे की तो आता घडतोय असंच वाटतं. आपण डोंगराच्या पायथ्याला जातो, जिथे रस्ता वर चढून एका मातीच्या बांधाशी वळतो. तुम्ही गुडघ्याखाली उशी घेऊन शेजारी बसला आहात, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. "आधी पायाचा ब्रेक. मग हँडब्रेक ओढ." आपल्या त्या गाडीचा हँडब्रेक डॅशबोर्डखालून ओढायचा असे, छत्रीच्या मुठीसारखा. मी ओढते. "आता गिअर न घालता पायाचा ब्रेक हळूहळू सोड. गाडीला बसू दे." गाडी बोटभर खाली येते आणि थांबते, एखादी जाड बाई पाटावर टेकावी तशी. "कळलं? आता हँडब्रेकने वजन घेतलं. त्याने घेतलं की नाही हे पाय ठेवून कळत नाही, पाय काढल्यावरच कळतं. आता गिअर. तोंड वर असेल तर पहिला. तोंड खाली असेल तर रिव्हर्स. म्हणजे गाडीला जायचं असेल त्याच्या उलट. आता चाकं वळव. बांधाकडे. सुटलीच तर रस्त्याकडे धावायच्या ऐवजी बांधाला जाऊन भिडू दे. आणि शेवटी दगड." मी विचारते, इतकं सगळं? हँडब्रेक चांगला असेल तर तो पुरे नाही का?

तुम्ही शेंग फोडता. "बाळंतिणीजवळ आपण एकच माणूस ठेवतो का? का नाही ठेवत? ते माणूस वाईट असतं म्हणून? माणूस चांगलंच असतं. त्याला डुलकी लागते."

मग तुम्ही मला ते पुन्हा पुन्हा करायला लावलंत, तोंड वर करून, तोंड खाली करून. प्रत्येक वेळी गाडी ठेवून झाल्यावर उतरायचं आणि त्या बांधापलीकडच्या करवंदीच्या जाळीपर्यंत चालत जायचं, पाठ फिरवून. मी दर दोन पावलांनी वळायची. तुम्ही काचेतून ओरडायचात, "मी आत बसलेय! मला नाही भीती वाटत, तुला कसली वाटते?" हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, आई. मी उतारावर शिकत होते, गाडी एकदा सुटलेली होती आणि तुम्ही, न वाकणारा गुडघा घेऊन, सबंध वेळ गाडीतच बसून होतात. सुटली असती तर तुम्हाला उडी मारता आली नसती. तुम्ही शेंगा खात होतात.

आणखी दोन गोष्टी त्या दिवशी सांगितल्यात. एक, निघताना चाकाखालचा दगड उचलून कडेला टाकायचा. घाटातून रस्ताभर ट्रकवाल्यांचे दगड पडलेले असतात, गाडी निघून जाते आणि दगड मागच्या स्कूटरवाल्याची वाट बघत बसतो, त्याची तुम्हाला चीड होती. "आपला दगड आपण उचलायचा." आणि दुसरी, चढावरच्या घरी पोचलं की आधी गाडी वळवून तोंड खाली करून ठेवायची, मग उतरायचं. "येताना आपण दोघी असतो. जाताना गाडीत कोण असेल, कसं असेल, सांगता येत नाही. तेव्हा वळवत बसायला वेळ नसतो." 'जपून' हा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सगळं जग बायकांना गाडीच्या दारात उभं राहून 'जपून' म्हणतं. जपून म्हणजे नक्की काय करायचं ते तुम्ही सांगायचात.

एवढं शिकूनही मी बसूनच राहिले असते, हे मात्र खरं. रविवारी तुम्ही आत होतात. एरवी आत कुणीच नसणार होतं. पुढच्या दोन-तीन व्हिजिटना मी सगळं केलं, हँडब्रेक, गिअर, चाकं, आणि वर पुन्हा पाय ब्रेकवर ठेवून बसलेच. तुम्ही बाहेर आलात की माझा पाय बघायचात आणि गाडीत बसायचात.

मग भाताची झोडणी चालू होती तेव्हाचा तो दिवस. दुपारचं, जेवणाआधीचं ऊन. ओव्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या घरांपैकी शेवटच्या घरातून बोलावणं आलं. दुसरं बाळंतपण, सुईण होती, पण तिनेच म्हटलं, डाक्टरीनबायला आना. मी गाडी वर नेली, वळवली, तोंड खाली करून बांधाजवळ घेतली. समोर उतार सरळ खाली जात होता आणि त्याच्या पायथ्याशी मारुतीच्या देवळासमोरच्या अंगणात मुलं गोट्या खेळत होती. ती पेंढ्याची उडवी आता तिथे नव्हती. तुम्ही भिंत धरून धरून आत गेलात. मी बसले, पाय ब्रेकवर. आतून बाळ रडल्याचा आवाज आला आणि मला इतका आनंद झाला की मी एकटीच गाडीत हसले. मला वाटलं झालं, आता निघायचं.

तेवढ्यात त्या घरातली मोठी सून धावत बाहेर आली. हात कोपरापर्यंत ओले, पदर खोचलेला. "तुमाला बोलावते बाय. बेगीन चला."

"मी कशी येऊ?" मी म्हटलं. "गाडी आहे ना."

"गाडीला काय कळा आल्यात?" ती ओरडली. "आमच्या जावेचा रगात थांबत नाय!"

आणि मागून, घरातून, तुमचा आवाज. ओरडणं नाही. दवाखान्यात कंपाउंडरला बाटली मागताना असायचा तसा. "गाडी ठेव आणि आत ये."

आता मी लिहिते आहे आणि माझ्या पिंडरीला ते कळतंय. समोर मुलं. मागे रक्त. गाडी जर सुटली तर त्या मुलांमध्ये जाणार, आणि शिवाय त्या बाईला पनवेलला न्यायला दुसरं काही चाक त्या गावात त्या वेळी नव्हतं. म्हणजे मी गेले नाही तरी अनर्थ आणि मी चुकीची गेले तरी अनर्थ. त्या क्षणी मी देवाची प्रार्थना म्हणायला पाहिजे होती, लहानपणापासून तसंच शिकवलेलं. मी तुमची म्हटली. पायाचा ब्रेक. हँडब्रेक ओढ. पाय सोड, गाडीला बसू दे. गाडी बसली. दांडा ओढून रिव्हर्स. चाकं बांधाकडे. उतरले, बांधावरचा एक चपटा दगड दोन्ही हातांनी उचलून पुढच्या चाकाखाली सरकवला, पायाने ठोकला. आणि गेले. वळून बघितलं नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. मोठ्या सुनेने माझं मनगट धरून ओढत नेलं होतं.

आत अंधार, शेणाने सारवलेली जमीन, चटईवर ती मुलगी. माझ्याहून लहान असेल. तुम्ही भिंतीशी पाटावर बसला होतात, डावा पाय सरळ पुढे पसरलेला, त्यामुळे तिच्या पोटावर वजन टाकून दाबणं तुम्हाला जमत नव्हतं. सुईण बाळाचं बघत होती, तिची सासू दिवा धरून उभी होती. "इथे गुडघ्यावर बस. हा हात इथे, बेंबीच्या खाली. दाब आणि चोळ. कडक गोळा लागेल हाताला. तो मऊ पडायला लागला तर जोरात. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." मी चोळायला लागले. तुम्ही इंजेक्शन भरलंत, दिलंत, दुसरं भरलंत. आणि मध्येच, हातातल्या सुईवरची नजर न काढता, मला विचारलंत, "गिअर कुठला?"

"रिव्हर्स."

"चाकं?"

"बांधाकडे."

"मग आता तिच्याकडे बघ."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ पांढरे होते. ती मला म्हणाली, "बाय, तुमचे हात थंड हायेत, बरं वाटतं." माझ्या हाताखाली तो गोळा मऊ पडत होता, कडक होत होता, पुन्हा मऊ. मग तो कडकच राहिला. तुम्ही वाकून पाहिलंत, पुन्हा पाहिलंत. "कमी झालं," तुम्ही म्हणालात. "पण इथे ठेवायची नाही. उचला. मोठ्या दवाखान्यात न्यायची."

तिला गोधडीत घालून चौघांनी बाहेर आणलं आणि मी सगळ्यांच्या पुढे होते, म्हणून मीच आधी पाहिलं. गाडी होती. जिथे ठेवली तिथेच, पण अगदी तिथेच नाही. वीतभर पुढे आली होती. डावं चाक बांधाच्या मातीत रुतून बसलं होतं आणि दगड त्याच्या खाली चेंगरून आडवा झाला होता. खाली मुलांचा डाव चालूच होता. मागच्या सीटवर तुम्ही आणि ती, तुमचा हात तिच्या पोटावर. पुढे माझ्या शेजारी तिची सासू, मांडीवर बाळ. मी बसले आणि हँडब्रेक सोडायला मूठ धरली, तर विहिरीत बादली सुटल्यावर रिकामा दोर हातात यावा तशी ती मूठ लोंबत हातात आली. केबल तुटली होती. कधी, ते कुणालाच कळलं नव्हतं. मी ती मूठ उचलून आरशात तुम्हाला दाखवली.

तुम्ही म्हणालात, "हं. लागली एकाला डुलकी. बाकीचे जागे होते. चल." आणि मग, गाडी मी रिव्हर्सने जरा मागे घेऊन बांधातून सोडवली तेव्हा, खिडकीतून बाहेर उभ्या मोठ्या सुनेला, "अगं, तो दगड उचल रस्त्यातला!" ती दगड उचलून बांधावर ठेवत पुटपुटली, "हितं जीव चाललाय नि बायला दगडाची पडलीय." मागच्या सीटवरून ती मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "माझा जीव कुठं नाय चाललाय. हाय मी." तुम्ही हसलात. मी तुम्हाला इतकं मोकळं हसताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. आपण पनवेलला पोचलो. ती जगली. आठवडाभराने तिच्या घरून सुकट आणि नवे तांदूळ आले आणि तुम्ही तांदूळ डब्यात ओतताना म्हणालात, "हे तुझे." तेवढंच.

त्या रात्री तुमच्या मुलाचा कुठल्याशा बंदरातून फोन आला. मला वाटलं तुम्ही सगळं सांगाल, मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते. तुम्ही हवापाणी सांगितलंत, दवाखान्याचं रंगकाम सांगितलंत आणि फोन माझ्याकडे द्यायच्या आधी म्हणालात, "तुझी बायको आता गाडी ठेवून आत येते." त्यांना काय कळणार? त्यांनी मला विचारलं, आई काय म्हणत होती, पार्किंगचं काय? मी म्हटलं, काही नाही, आल्यावर सांगते. आल्यावर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, त्यात काय, आम्ही नाही का नांगर टाकतो. बोटीवरचा माणूस.

पुढची वर्षं आपण दोघींनी सगळा तालुका पालथा घातला. मी इंजेक्शनच्या सुया उकळायला शिकले, टाके धरायला शिकले, तळोज्याच्या चाळींमधल्या खोकणाऱ्या माणसांची छाती ऐकताना कंदील कुठे धरायचा ते शिकले. पण खरं शिकले ते आत जायला. माणसाजवळ बसायचं असेल तर आधी मागची व्यवस्था नीट लावायची आणि मग तिचा विचार सोडून द्यायचा, हे तुम्ही मला एका जुन्या गाडीवर शिकवलंत. मी नंतर शाळेत नोकरी केली, मुलगा वाढवला, मम्मीचं आजारपण काढलं, तुमचंही काढलं. तुमच्या शेवटच्या दिवसांत मी खाटेशी बसत होते तेव्हा तुम्ही एकदा डोळे उघडून विचारलंत, "गॅस बंद आहे ना?" मी हो म्हटलं. "मग बस," तुम्ही म्हणालात. मी बसले.

आता तो चढ राहिला नाही. तिथे आता खारघरचे टॉवर आहेत, आणि एका इमारतीच्या पोटात गाड्या उतरतात तो रॅम्प बहुधा आपल्या बांधाच्या जागी असावा. मी एकदा मुद्दाम जाऊन आले. रखवालदाराने विचारलं, मॅडम, कुणाकडे जायचंय? मी मागे फिरले.

माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला गाडी चालवणं बंद करायला सांगितलं आहे. वाईट वाटतं, पण त्यांचं बरोबर आहे, संध्याकाळी समोरचे दिवे मला फुटलेले दिसतात. म्हणून हे ठरवते आहे आणि लिहून ठेवते आहे. माझी छोटी गाडी, गिअरची, विचुंब्याच्या त्या नर्सबाईला द्यायची, जी घरोघरी म्हाताऱ्या माणसांचं ड्रेसिंग करत स्कूटरवर फिरते. लायसन्स तिने काढलं आहे. मुलगा म्हणेल, मम्मी, एक्स्चेंजमध्ये देऊन ऑटोमॅटिक घेऊ. त्याला म्हणायचं, तुझी तू घे. ड्रायव्हरच्या सीटवरची उंच उशी गाडीबरोबरच जाईल, नर्सबाई माझ्यापेक्षाही बुटकी आहे. तिला उतारावर शिकवायचं काम सुनेने करायचं, माझ्या सुनेला ते उत्तम येतं. तुमच्या मुलाने त्यात पडायचं नाही, ते नांगर टाकायला सांगतील. त्यांना डिकीतली घडीची खुर्ची द्यायची, तळ्यावर बसायला. तुमचा स्टेथोस्कोप सुनेकडे. माझ्या बांगड्याही तिलाच, त्यांच्यावरून वाद नको. पियानोच्या वह्या शाळेला, घेतल्या तर.

हा कागद मी खरं म्हणजे मुलासाठी काढला होता. पहिली ओळ लिहायला घेतली आणि ती तुम्हाला लिहिली गेली. त्याच्यासाठी आता वेगळा लिहावा लागेल, चार ओळींचा. एवढं लांब तो वाचत नाही.